काळ्या वायरीची जागा

जीपवाल्याला स्टँडवर सगळे गडगड्या म्हणतात. हसला की पत्रा थरथरतो असा माणूस. त्या दिवशी सकाळी गाडी आमच्या शेडसमोर लावून त्याने खाली उडी मारली आणि आमच्या ह्यांना म्हणाला, "मिस्त्री, असा आवाज पाहिजे की गाडी वळणावर असतानाच माणसांनी पिशव्या उचलल्या पाहिजेत!"

मी शिलाई मशीनवर सीटकव्हरचा कोपरा दुमडत होते. मान वर न करता म्हणाले, "माणसं आवाजावर बसत नाहीत रे, सीटवर बसतात. ती आधी शिवून घे. मागच्या सीटचा फोम बाहेर लोंबतोय."

"तेही करा काकू. पण आधी आवाज."

त्याचंही खरं होतं. खाणीवर कामाला जाणारी पोरं हल्ली गाणी वाजणारी गाडी बघून चढतात. स्टँडवर गडगड्याची गाडी रिकामी आणि शेजारची भरलेली, असं रोज व्हायला लागलं होतं. म्हणून त्याने शहरातून मोठा अँप्लिफायर आणि दोन दणकट वूफरच्या पेट्या उचलून आणल्या होत्या. दुकानवाला तिथेच बसवून देतो म्हणत होता. पण गडगड्याच्या वडिलांच्या गाडीपासून वायरिंगला आमचे हेच, त्यामुळे गाडी आमच्या दारात आली.

"उद्या संध्याकाळी गाडी पाहिजे," गडगड्या म्हणाला. "परवापासून खाणीची नवी पाळी सुरू होतेय. ती पोरं एकदा दुसऱ्याच्या गाडीत बसली की बसली."

"मिळेल," हे म्हणाले.

ऐका, शेड आमच्या सासऱ्यांची. डावीकडे ह्यांचं वायरिंगचं काम आणि माझं मशीन. उजवीकडे माझे धाकटे दीर, भाऊजी, गाड्यांचं डेंटिंग आणि वेल्डिंग करतात. मधे पत्रा. तो पत्रा भांडणातून उभा राहिला नाही. भाऊजींच्या वेल्डिंगची ठिणगी उडून माझ्या फोमचा गठ्ठा पेटला होता, म्हणून दोघा भावांनीच हसतखेळत तो ठोकला. बोलणं बंद झालं ते त्याच्यानंतर. कशावरून, देव जाणे! ह्यांना विचारलं तर म्हणतात, "त्याला विचार." भाऊजींना विचारलं तर म्हणतात, "दादाला विचार." दोघांचं मिळून एक उत्तर, आणि तेही अर्धं.

भाऊजींनी लग्न केलं नाही, शेडमागच्या खोलीत राहतात. पूर्वी जेवायला आमच्याकडे असायचे. आता मी डबा पाठवते. डबा घासूनपुसून परत येतो, माणूस येत नाही.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला माहीत होती. ह्यांचे कान जायला लागले होते.

जन्म गेला इंजिनाशेजारी आणि हॉर्नच्या तोंडाशी, होणारच. मला आधी कळलं ते कुकरमुळे. शिट्टीवर शिट्टी होतेय आणि हे शेजारीच बसून म्हणतात, "अजून झाली कशी नाही शिट्टी?" डॉक्टरने सांगितलं, बारीक आवाज आधी जातात, जाड राहतात. कानात यंत्र घाला म्हणाला. हे उठलेच तिथून. "कानात यंत्र घातलेला साउंडवाला कुठे बघितलायस का?" म्हणाले. मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. मी नाही सांगितलं. उलट एक युक्ती काढली. गाडीतला आवाज तपासायचा असला की मी सीटकव्हर बघायच्या निमित्ताने आत जाऊन बसायचे. आवाजात काही खोट असली की नाकाला हात लावायचा, नसली तर पदर सारखा करायचा. आजवर कुणाला पत्ता लागला नव्हता.

तर काम सुरू झालं. ह्यांनी आधी बॅटरी सोडवली. मी मागची सीट काढून माझ्या मशीनकडे घेतली आणि पायाखालचं कार्पेट गुंडाळलं. खालून निघाल्या शेंगांची टरफलं, तुटका कंगवा आणि कुणाची तरी एक चप्पल. "एक पाय घेऊन कोण उतरलं असेल हो?" मी म्हणाले. हे हसले. कामात असले की छान हसतात.

लाल केबल अंगठ्याएवढी जाड. ऊन इतकं की तिचं रबर मऊ पडून हाताला चिकटत होतं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला. इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडलं, त्यात रबरी कडं घातलं, म्हणजे पत्र्याच्या धारेने केबल सोलायला नको. हे पलीकडून ढकलत होते, मी गाडीत पालथी पडून अलीकडून ओढत होते.

"आली का?"

"आली!"

"हळू ओढ. नवी नवरी आहे."

"मला नव्हतं कुणी हळू आणलं," मी म्हणाले. हे त्यांना ऐकू आलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, सांगता येत नाही. ही सोय नवऱ्यांना कान चांगले असतानाही असते.

लाल केबल ड्रायव्हरच्या बाजूने मागे नेली आणि गाण्याच्या बारीक तारा दुसऱ्या बाजूने. ताकदीची तार आणि गाण्याची तार शेजारी झोपवायची नाही, नाहीतर इंजिनाची कुरकुर गाण्यात उतरते. शेवटी काळी वायर. तिच्यावर ह्यांचा फार जीव. "लोक लालला जपतात आणि काळी कुठेही टोचतात," नेहमी म्हणतात. "अगं, गेलेल्या करंटला घरी परत यायला नको का? जेवढी जायची वाट रुंद, तेवढीच यायची पाहिजे." म्हणून काळी तेवढीच जाड, पण आखूड. तिच्या टोकाला तांब्याची कडी झाळून बसवली. मागच्या तळपत्र्यावर जागा धरून रंग खरवडला, पॉलिश पेपरने घासून घासून लोखंड चकचकीत केलं आणि बोल्टने कडी आवळली. घामाचे थेंब त्या चकचकीत जागेवर पडू नयेत म्हणून मी पदराने ह्यांचं कपाळ टिपत होते. पलीकडे भाऊजींचा हातोडा चालू होता. मधेच थांबला, मग परत सुरू झाला.

दुपारी वीज गेली. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी जाते ती उन्हं कलल्यावरच येते. पलीकडचं वेल्डिंग बंद पडलं. आमचं काम बॅटरीवर, ते चालू राहिलं.

संध्याकाळी इंजिन सुरू करून गाणं लावलं. काय दणका! पोटात लागला. ह्यांनी वूफरच्या पेटीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. लहान मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा हात. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

मी नाकाला हात लावला.

गाण्यामागे एक बारीक आवाज होता. कुंईऽऽ. ह्यांनी पुढे जाऊन पायाने रेस वाढवली की तोही वर चढत होता. ह्यांनी मान हलवली, म्हणजे नाही, नीट ऐक. मी परत नाकाला हात लावला. तिसऱ्यांदा लावते आहे तोच गडगड्या आला.

"वा! काय वाजतंय!" म्हणत तो आत डोकावला आणि त्याचा चेहरा पडला. "हे काय मागे किरकिरतंय?"

"कुठे?" हे म्हणाले.

"कुठे काय? रेस द्या. हे, हे बघा. कुंई, कुंई."

ह्यांनी कान पुढे केला, स्पीकरजवळ नेला. काहीच नाही. मी बघत होते, ह्यांच्या तोंडावर एखादं लहान पोर वर्गात फळ्याकडे बघतं तसं झालं होतं. गडगड्या काही वाईट माणूस नाही. पण तो हळू बोलायला शिकलाच नाही.

"मिस्त्री, तुम्हाला ऐकू येत नाही की काय?"

समोर चहाच्या टपरीवर स्टँडची दोन-तीन माणसं होती. सगळ्यांनी वळून बघितलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना तुझा?" मी मधे पडले. "मग उद्या बघ. नवीन वायर आहे, एक रात्र बसू दे." वायर काय रात्रभर बसते डोंबलाची! पण तो गेला.

घरी आल्यावर ह्यांनी ताटाला हात लावला नाही.

"दोन घास तरी खा."

"आता स्टँडभर होईल," हे म्हणाले. "मिस्त्री बहिरा झाला. बहिऱ्याकडे कोण गाडी टाकतं?" मग ताट सरकवून म्हणाले, "गेले गं माझे कान. आज मला कळलं. तू सांगत होतीस आणि मी तुलाच खोटं पाडत होतो."

मी हात धरला त्यांचा. बोटांना झाळायच्या फ्लक्सचा वास येत होता आणि अंगठ्यावर काळी वायर सोलताना लागलेला चरा होता. "कान गेले असतील," मी म्हणाले, "हात आणि डोळे कुठे गेलेत? जे कानाला सापडत नाही ते मीटरला सापडेल. जेवा." जेवले मग. वरून मीठ कमी आहे म्हणाले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी मीही त्यांच्याबरोबरच शेडवर गेले. एरवी घरचं आवरून उन्हं चढल्यावर जाते. ह्यांनी काट्याचा जुना मीटर काढला. इंजिन चालू, गाणं चालू. मीटरची एक तार काळ्या वायरीच्या बोल्टला, दुसरी दरवाज्याच्या बिजागरीला. सगळं एकाच गाडीचं लोखंड, काटा हलायला नको. पण प्रत्येक दणक्याला काटा उडी मारत होता.

हे मागच्या तळपत्र्यावर उपडे झाले. तळवा फिरवला, नखाने रंग काढला, फटी बुजवायला भरलेलं लुकण काढलं. खाली रिवेट निघाले. तळाचा तेवढा तुकडा नंतर बसवलेला होता. वेल्डिंग नाही, रिवेट मारून, कडेने लुकण भरून, वर रंग. माल ठेवायला ठीक, करंट परत जायला वाट नाही. आणि पेट्यांच्या धक्क्याने रिवेट हलायला लागले होते. ह्यांच्या हाताला ती थरथर लागली.

गाडीचं डेंटिंग मागच्या थंडीत भाऊजींनीच केलं होतं. ह्यांनाही ते आठवलं आणि मलाही.

तेवढ्यात गडगड्या हजर. "सापडलं का मिस्त्री?"

आता बघा, एका वाक्याचं काम होतं. पत्रा कच्चा बसवलाय, माझा काही दोष नाही, एवढं म्हटलं की ह्यांचं नाव धुऊन निघालं असतं. मी वाटच बघत होते.

"सापडलं," हे म्हणाले. "माझीच चूक. काळी वायर चुकीच्या जागी लावली. संध्याकाळी गाडी घेऊन जा."

"बघा हं. नाहीतर मी शहरात नेतो." गडगड्या गेला. पलीकडचा हातोडा केव्हा थांबला होता, माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"असं का बोललात?" मी विचारलं.

"काळी वायर मी दुसरीकडे लावली तर आवाज जाईल," हे म्हणाले. "पण हा पत्रा पेट्यांखाली टिकायचा नाही. माणसं बसतात वर. धाकट्यानेच झाळायला पाहिजे, आणि वीज जायच्या आत. तू जाऊन सांग त्याला."

"मी काही तुम्हा दोघांमधली तार नाही. स्वतः जा."

हे गेले नाहीत. पान्हा उचलला, परत ठेवला. शेवटी मीच तणतणत पत्र्याला वळसा घालून गेले. भाऊजी हातोडा मांडीवर घेऊन बसले होते. पत्र्यापलीकडचं सगळं त्यांना ऐकू गेलं होतं.

"वहिनी, तो पत्रा माझा आहे," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज आधीच बारीक, किनरा. पोरं चेष्टा करतात त्यावरून. "त्या दिवशी वीज आली नाही आणि गडगड्या डोक्यावर बसला होता. मारले रिवेट. मग नीट करून देतो म्हटलं, राहिलंच. दादाला कळलंय ना? मग त्याने माझं नाव का नाही घेतलं?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा."

"मी विचारू?" भाऊजी एकदम उसळले. "आणि त्याने उत्तर नको द्यायला? वहिनी, पत्रा ठोकल्यापासून रोज सकाळी मी इथून हाक मारायचो. दादा, चहा टाकलाय, ये. एकदा मारायचो, दोनदा मारायचो. हा माणूस पलीकडे खुडबुड करत असायचा, मला ऐकू यायचं, पण तोंडातून शब्द नाही! काय समजायचं मी? किती दिवस दोन कप चहा केला. एक ओतून द्यायचो. मग हाक मारणं सोडलं."

मी तिथेच खाली बसले, लोखंडाच्या भुग्यात. सकाळी मी शेडवर नसते. आणि हे घरी येऊन काय म्हणायचे? "पत्रा लागल्यापासून धाकट्याने मला चहाला बोलावणंच सोडलं. ठीक आहे, त्याचा चहा त्याला लखलाभ." रोज बोलावणारा एक आणि रोज वाट बघणारा एक, मधे बोटभर जाडीचाही नाही असा पत्रा.

"काय झालं वहिनी?"

शपथ मोडली तर मोडली! "भाऊजी," मी म्हणाले, "त्यांना ऐकू येत नाही हो. बारीक आवाज ऐकू येत नाहीत. कुकरची शिट्टी येत नाही. तुमचा आवाज तर..." मी मधल्या पत्र्याकडे बोट दाखवलं. "पत्रा नव्हता तेव्हा तुम्ही समोर दिसायचात. तोंड हललेलं बघून यायचे ते चहाला."

भाऊजींनी हातोडा खाली ठेवला. उठले आणि पत्र्याला वळसा घालून आमच्या बाजूला गेले. मी मागोमाग.

हे गाडीच्या मागच्या दारातून अर्धे आत वाकले होते.

"दादा," भाऊजींनी हाक मारली.

काही नाही.

"दादा!"

हे रिवेट मोजल्यासारखे बघत होते, कंबरेवर एक हात. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. एवढा बाप्या माणूस, डोळे भरले होते. मग पुढे होऊन त्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. हे वळले.

"काय रे?" हे म्हणाले. काल रात्रीच सोबत जेवले असावेत असं.

भाऊजी समोर उभे राहून, तोंड नीट दिसेल असं, मोठ्याने म्हणाले, "चहा घेतोस का?"

"घेईन की. तूच विचारायचं सोडलंस."

भाऊजींच्या तोंडाशी सगळं आलं असणार. रोजच्या हाका, ओतलेला चहा, सगळं. पण म्हणाले इतकंच, "हो दादा. सोडलं खरं." आणि मी वळून माझ्या मशीनवरची धूळ पुसायला लागले. धूळ नव्हती.

मग मात्र घाई झाली, वीज जायच्या आत उरकायचं होतं. ह्यांनी बॅटरी सोडवली, अँप्लिफायर काढून लांब ठेवला. वेल्डिंगचा करंट त्यात शिरला तर राख होईल म्हणाले. भाऊजींनी लुकण जाळून खरवडलं, रिवेट उडवले. हे ओलं पोतं धरून ठिणग्या अडवत होते. "सरक दादा," भाऊजी ओरडायचे. "ओरडतोस कशाला, दिसतंय मला," हे म्हणायचे. दोघांचे गुडघे त्या एवढ्याशा गाडीत एकमेकांत अडकत होते. सासरे असते तर दोघांना कानाला धरून बाहेर काढलं असतं. शेवटचा टाका पडला आणि वीज गेली.

लोखंड निवल्यावर ह्यांनी परत रंग खरवडला, परत घासलं, कडी आवळली, वर ग्रीस लावलं. बॅटरी जोडली. गाणं लागलं. मीटरचा काटा जागचा हलला नाही. मी आत बसले, हे रेस देत गेले. मी सगळा जीव कानात आणून ऐकलं. गाणं होतं, दणका होता, आणखी काही नव्हतं.

नाकाबिकाचं नाटक मी केलंच नाही. "स्वच्छ आहे!" मी ओरडले. "गेला आवाज!"

संध्याकाळी गडगड्या आला, रेस देऊन देऊन बघितलं, आणि असा हसला की खरंच पत्रा थरथरला. "मिस्त्री, कानाला तोड नाही तुमच्या!"

"कान गेले माझे," हे म्हणाले. टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ऐकायचं काम हिचं, बघायचं माझं, झाळायचं धाकट्याचं. चालत असेल तर पुढची गाडी आण."

गडगड्याने आवाज खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. मग म्हणाला, "माझ्या मेव्हण्याची जीप आहे. सोमवारी आणतो. काकू, सीट तयार आहे ना?"

दोन दिवसांनी मी शेडवर गेले तर भाऊजी आमच्या बाजूच्या लोखंडी खांबावर चढलेले. उरलेल्या वायरीचा तुकडा पत्र्याच्या भोकातून अलीकडे आणला होता आणि ह्यांच्या टेबलाच्या वर कुठल्या तरी जुन्या गाडीचा पिवळा इंडिकेटर बल्ब तारेने खांबाला बांधला होता. बटण पलीकडे, त्यांच्या स्टोव्हजवळ. बॅटरीही तिथेच.

"हाक ऐकू येत नाही ना? मग बघ आता," भाऊजी म्हणाले आणि पलीकडे पळत जाऊन त्यांनी बटण दाबलं.

काही झालं नाही. परत दाबलं. बल्ब ढिम्म.

हे खांबापाशी गेले, बघितलं आणि कपाळावर हात मारला. "गाढवा, रंगावर बांधलंस!" मग पॉलिश पेपर घेऊन खांब घासला. पत्रा जिथे खांबाला बोल्टने आवळलाय तिथलाही रंग खरवडला. पलीकडे जाऊन त्या बाजूचाही. बोल्ट आवळले.

"एकच वायर आहे की हो," मी म्हणाले. "करंट परत कुठून येणार?"

"हा मधला पत्रा आहे की," हे म्हणाले. "हाच आणेल." आणि ते आपल्या स्टुलावर येऊन बसले, बल्बकडे तोंड करून.

पलीकडे स्टोव्हचा आवाज आला. कपबश्यांचा आला. ते आवाज मलाच आले.

बल्ब पेटला. विझला, परत पेटला.

"आलो रे!" हे ओरडले, इतक्या मोठ्याने की टपरीवरची सगळी माणसं वळून बघायला लागली.